ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक शिक्षणतज्ज्ञ, लेखिका व संपादिका होत्या. गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत, पुढे मुंबईत दादर येथे आणि अखेरीस तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. आज देशभर रूढ झालेली अंगणवाडी ही कल्पना आणि तिचे नाव त्यांच्या बोर्डी येथील प्रयोगातून पुढे आले. भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

ताराबाईंच्या कार्याचा एक विशेष असा की, त्यांची शाळा तीन वेळा मुळापासून बदलली. शहरातील सुसज्ज बालमंदिर, हरिजनवाड्यातील अंगण आणि डोंगरावरचे चराईचे कुरण ही त्या बदलाची तीन ठिकाणे. प्रत्येक वेळी बदलाचे कारण एकच होते. चालू असलेली पद्धत समोरच्या मुलापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना प्रत्यक्ष कामात दिसून आले आणि दोष मुलाच्या माथी न मारता त्यांनी तो पद्धतीत शोधला.

बालपण व शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबई येथे झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघे प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. जातिभेद न मानणे, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणे, कर्मकांडापेक्षा आचरणाला महत्त्व देणे हे प्रार्थना समाजाचे संस्कार त्यांना घरातच मिळाले. मुलींनी माध्यमिक शाळेच्या पायरीवर थांबावे अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. ताराबाई मात्र मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९१४ साली बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रियांची संख्या अगदी थोडी होती.

अमरावती व राजकोट

पदवीनंतर अमरावती येथील वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या व लहान मुलीसह स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्या आयुष्यावर आधारलेले आहे. त्या नाटकामुळे ताराबाईंच्या खाजगी जीवनाकडे वाचक-प्रेक्षकांचे बरेच लक्ष गेले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यांचे शैक्षणिक कार्य हा आहे.

विभक्त झाल्यानंतर त्यांनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या पदावर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. मान, वेतन आणि स्थैर्य या तिन्ही दृष्टींनी एकट्या स्त्रीला त्या काळी याहून चांगली जागा मिळणे अवघड होते. तरीही सुमारे दोन वर्षांत ती त्यांनी सोडली. शिक्षिका घडविणाऱ्या महाविद्यालयाचे प्रमुखपद सोडून त्या स्वतः शिकाऊ कार्यकर्त्या म्हणून भावनगरच्या एका बालमंदिरात दाखल झाल्या. अशी उलटी वाट धरणारे शिक्षणक्षेत्रात आजही विरळाच.

भावनगर : गिजुभाईंच्या सहवासात

भावनगर येथील श्री दक्षिणामूर्ती ही संस्था नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केली होती. व्यवसायाने वकील असलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) १९१६ साली तिच्यात आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. त्यांच्या ग्रंथांच्या वाचनाने गिजुभाई प्रभावित झाले होते. ताराबाई १९२३ साली या कार्यात सामील झाल्या.

माँटेसरी पद्धतीत शिक्षकाचे पहिले काम शिकविणे हे नसून पाहणे हे आहे. मूल कोणती वस्तू उचलते, तिच्याशी किती वेळ रमते, कोठे अडते, कोणाची मदत नाकारते, याचे शांतपणे निरीक्षण करावे आणि त्यावरून उद्याची तयारी करावी, अशी ही शिस्त आहे. मोठ्या माणसाला ती फार कठीण जाते. मुलाची चूक दिसली की तोंडातून सूचना निघते, हात पुढे होतो. तो हात मागे घेणे हा या शिक्षणाचा पहिला धडा होता.

गिजुभाईंनी या वृत्तीचे फार मनोज्ञ चित्र ‘दिवास्वप्न’ या आपल्या गुजराती पुस्तकात रेखाटले आहे. त्यातील कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करण्याची परवानगी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि वर्गात एकच गोंधळ उडतो. घरी जाऊन तो विचार करतो तेव्हा मुले वात्य आहेत असा निष्कर्ष तो काढत नाही. आपली सुरुवातच चुकली हे तो जाणतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगण्यापासून आरंभ करतो. प्रशिक्षण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हे छोटेखानी पुस्तक अवश्य वाचावे. ताराबाई ज्या वातावरणात घडल्या, त्याची त्यावरून चांगली कल्पना येते.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षणाचा प्रसार, शिक्षकांचे प्रशिक्षण व साहित्याची निर्मिती ही संघाची मुख्य कामे होती. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या गुजराती मासिकाची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली निघू लागली. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी गुजरातीवर प्रभुत्व मिळविले आणि गिजुभाईंच्या बरोबरीने मुलांसाठी व पालकांसाठी त्या भाषेत विपुल लेखन केले. दोघांनी मिळून तयार केलेल्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते.

मुंबई : शिशुविहार

१९३० नंतरच्या दशकात ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराला जोडूनच बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. दादर-हिंदू कॉलनीचा परिसर तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गाची नवी वसाहत म्हणून वाढत होता. तेथील पालकांनी या शाळेला चांगला प्रतिसाद दिला. शिक्षा नाही, मारणे नाही, परीक्षा नाही, तरीही मूल शिकते, हे त्या पिढीतील अनेक आईवडिलांनी येथे प्रथम पाहिले.

शिशुविहाराच्या यशातच त्याची मर्यादाही होती. माँटेसरी पद्धतीचे साहित्य अत्यंत विचारपूर्वक तयार केलेले असले, तरी ते महाग होते. दट्टापेट्या, मनोरा, रंगांच्या पाट्या, खरकागदाची अक्षरे यांचा संच, त्यासाठी लागणारी स्वच्छ व प्रशस्त जागा आणि प्रशिक्षित शिक्षिका एवढे सगळे जुळवायचे तर शुल्क आले. शुल्क देणारे पालक आले की शाळेत कोणाची मुले येणार हेही ठरून गेले. डॉ. माँटेसरींनी आपले पहिले बालगृह मजुरांच्या मुलांसाठी उघडले होते. भारतात मात्र त्यांचे नाव खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांशी जोडले जाऊ लागले, ही विसंगती ताराबाईंना जाणवत होती.

याच काळात शिक्षणाचा वेगळा विचार वर्ध्याहून देशभर पसरत होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. ही वर्धा योजना सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी होती. सात वर्षांखालील मुलांचे काय, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला होता. १९४५ च्या आरंभी सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत नई तालीमची व्याप्ती वाढवून पूर्वबुनियादी शिक्षणाचा तिच्यात समावेश करण्यात आला. खेड्यातील तीनचार वर्षांच्या मुलासाठी शाळा कशी असावी, तिला किती खर्च यावा, तिच्यात काय शिकवावे, याला तयार उत्तर नव्हते. ताराबाईंनी त्याच वर्षी मुंबई सोडून खेड्याची वाट धरली.

बोर्डी : शाळा अंगणात गेली

बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. आचार्य शं. रा. भिसे व चित्रे गुरुजी यांच्या शैक्षणिक कार्यामुळे ते आधीपासून परिचित होते. १९४५ साली ताराबाईंनी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. पुण्याच्या हुजूरपागा शाळेतील शिक्षिका अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टच्या एका शिबिराच्या निमित्ताने त्यांच्या संपर्कात आल्या आणि नोकरी सोडून बोर्डीस दाखल झाल्या. अनुताई बालविधवा होत्या व स्वतःच्या हिमतीवर शिकल्या होत्या. या दोघींचे सहकार्य पुढे ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत अखंड चालू राहिले.

बोर्डीतील बालवाडी रीतसर सुरू झाली. जागा होती, साहित्य होते, शिक्षिका होत्या. गावातील बऱ्या स्थितीतील कुटुंबांची मुले येऊ लागली. ज्यांच्यासाठी खेड्यात यायचे ठरवले, ती हरिजनवाड्यातील मुले मात्र येत नव्हती. बोलावून आणली तरी टिकत नव्हती.

असा अनुभव खेड्यातील प्रत्येक शिक्षकाला येतो. त्यावरचे नेहमीचे स्पष्टीकरणही सर्वांना पाठ असते. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, मुले अस्वच्छ आहेत, त्यांना गोडी नाही, असे शेरे हजेरीपटावर मारले की शाळेचे काम पूर्वीप्रमाणे चालू राहू शकते. वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या कापूस पिकविणाऱ्या गावांतही वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात आणि त्याचा दोष बहुधा घराकडे जातो. ताराबाईंनी हा शेरा मारला नाही. मुले का येत नाहीत हे पाहण्यासाठी त्या व त्यांच्या सहकारी वाड्यात गेल्या.

तेथे जे दिसले ते साधे होते. आईबाप सकाळीच मजुरीला जात. पाचसहा वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घर सांभाळत असे. त्याला आंघोळ घालायला, केस विंचरायला, अंगावर धड कपडा चढवायला घरी कोणी नव्हते. अशा मुलाने गावातल्या नीटनेटक्या इमारतीत, इतर घरांतील स्वच्छ मुलांच्या रांगेत येऊन बसावे, ही अपेक्षा शाळेने केली होती. शिवाय अस्पृश्यतेने घातलेल्या शतकानुशतकांच्या धाकामुळे गावाच्या मध्यभागी येण्यास मूल आणि त्याचे पालक दोघेही बिचकत. शाळेचे दार उघडे होते, पण त्या दारापर्यंतचा रस्ता त्यांचा नव्हता.

तेव्हा शाळाच वाड्यात नेण्याचे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घरापुढच्या मोकळ्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. साहित्य त्या स्वतःबरोबर नेत. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथून दिवसाला सुरुवात होई. मग गाणी, गोष्टी, बोलणे, खेळ. धाकटे भावंड कडेवर असले तरी चाले. ते शेजारी बसे आणि तेही ऐके. छप्पर नाही, बाके नाहीत, घंटा नाही. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

अंगणात शाळा भरल्याने आणखी एक गोष्ट घडली. भिंतीआड चालणारे शिक्षण आता उंबऱ्यावरून दिसू लागले. मूल काय करते, बाई त्याच्याशी कशी बोलतात, हे आजी, आई, शेजारीण सगळ्यांना पाहता येत होते. पालकांचे वेगळे प्रबोधन करण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. गावातील मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतील अंगणवाडी अशी दोन्ही केंद्रे बोर्डीत चालू राहिली. अंगणात रुळलेली मुले हळूहळू मध्यवर्ती शाळेतही येऊ लागली.

साहित्याचा प्रश्नही येथेच सुटू लागला. आयात केलेल्या वा सुताराकडून घडवून घेतलेल्या महागड्या संचाऐवजी शिंपले, गारगोट्या, चिंचोके, बिया, पाने, फुले, करवंट्या, बांबूचे तुकडे वापरात आले. लहान-मोठा, जाड-पातळ, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलका हे भेद ओळखायला शिकणे हा मूळ हेतू होता. तो समुद्रकाठच्या शिंपल्यांनीही साधत होता. माँटेसरी पद्धतीच्या काटेकोर पुरस्कर्त्यांना हे फेरफार मान्य होण्यासारखे नव्हते, कारण त्या पद्धतीत ठरावीक साहित्य व अधिकृत प्रशिक्षण यांना फार महत्त्व आहे. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. दट्टापेटीत मुलाला आपली चूक आपोआप कळते, कारण चुकीचा दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही. चिंचोक्यांच्या राशीत ही सोय नसते, तेथे शिक्षिकेचे लक्ष जास्त लागते. ताराबाईंनी ही उणीव पत्करली, कारण दुसरा पर्याय मुलांना काहीच न मिळण्याचा होता.

१९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या.

कोसबाड : विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचे काम बोर्डीपासून काही अंतरावरील कोसबाड टेकडीवर हलविण्यात आले. हा भाग वारली आदिवासींचा. जमीनदार व जंगलठेकेदार यांच्या वेठबिगारीखाली हा समाज पिढ्यान् पिढ्या भरडला गेला होता. १९४५ साली, म्हणजे ताराबाई बोर्डीस आल्या त्याच वर्षी, गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांचा वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. ताराबाईंचा मार्ग चळवळीचा नव्हता. परंतु ज्या पाड्यांतून मुले गोळा करायची होती, त्या पाड्यांचे दैन्य दोन्ही कामांच्या मुळाशी सारखेच होते.

कोसबाडला बोर्डीचा अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडला नाही. वाड्यात घरे एकमेकांना लागून असतात, त्यामुळे एका अंगणात वीस मुले जमतात. वारल्यांचे पाडे डोंगरउतारावर विखुरलेले, झोपड्या दूरदूर. बाहेरचे माणूस दिसले की मुले रानात पळून जात, कारण बाहेरून येणारा सावकाराचा वा सरकारचा माणूस असण्याचाच त्यांचा अनुभव होता. भाषाही वेगळी. पुस्तकी मराठी तेथे परकी होती आणि वारली बोली शिक्षिकांना परकी होती. ती त्यांना मुलांकडून शिकून घ्यावी लागली.

येथे पुन्हा तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. शाळेच्या वयाची मोठी मुलगी येत नाही, कारण तिला तान्ह्या भावंडाला सांभाळावे लागते. तिला शाळेत आणायचे तर भावंडाची सोय शाळेने केली पाहिजे. म्हणून प्राथमिक शाळेला लागून बालवाडी आणि बालवाडीला लागून पाळणाघर अशी रचना करण्यात आली. ताई वर्गात, मधले भावंड बालवाडीत, तान्हे पाळण्यात, आणि तिघेही एकाच आवारात. मधल्या सुटीत ताई येऊन तान्ह्याला पाहून जाऊ शकत होती. या रचनेला विकासवाडी असे नाव देण्यात आले. पूर्वप्राथमिक व प्राथमिक शिक्षण यांची अशी सांगड त्या काळी भारतात नवीनच होती. तिचा उगम एखाद्या शिक्षणशास्त्रीय सिद्धांतात नसून हजेरीपटावरील गैरहजेरीत होता, ही बाब लक्षणीय आहे.

तरीही काही मुले उरलीच. सातआठ वर्षांच्या मुलांना गुरे राखायला पाठवले जाई. मालकाची असोत वा घरची, गुरे सोडून मूल शाळेत बसू शकत नव्हते, आणि त्या मजुरीवाचून घराचे भागत नव्हते. पालकांना समजावून, धमकावून वा आमिष दाखवून हा पेच सुटण्याजोगा नव्हता. तेव्हा शिक्षक गुरांच्या मागोमाग कुरणात गेले. हीच कुरणशाळा.

कुरणशाळेत गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. एखादे जनावर दूर गेले की मूल उठून जाई, ते वळवून परत येई आणि पुन्हा धड्यात सामील होई. मोजणी पानांनी व बियांनी होई. आकार पानांवरून, रंग फुलांवरून, ऋतू आभाळावरून शिकले जात. झाडे, पाखरे, किडे यांची माहिती तर मुलांना शिक्षकांहून अधिक होती. शिक्षकाला तेथे श्रोता व्हावे लागे, आणि मुलाच्या ज्ञानाला नाव व लिपी देणे हे त्याचे काम ठरे. दिवसभर कामात गुंतलेल्यांसाठी रात्रीचे वर्गही चालविले गेले.

कुरणशाळेची कल्पना वाचताना रम्य वाटते. प्रत्यक्षात ती कष्टाची होती. पावसाळ्यात ती भरविणे अवघड, शिक्षकाची पायपीट मोठी, आणि मुलांच्या प्रगतीला प्राथमिक शाळेच्या इयत्तांचे माप लावता येत नसे. बालमजुरी मान्य करून तिच्याभोवती शाळा बांधणे योग्य आहे काय, असा प्रश्नही विचारता येतो आणि तो विचारला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानंतरच्या काळात त्याचे उत्तर नकारार्थीच असेल. १९५० च्या दशकातील डहाणूच्या डोंगरात मात्र मूल गुरांमागे जाणार हे ठरलेले होते. त्याच्याबरोबर शिक्षक जाईल की नाही, एवढेच शाळेच्या हाती होते.

कार्यपद्धती

आजच्या डी. एल. एड. व बी. एड. अभ्यासक्रमांत चिंतनशील अध्यापन हा विषय शिकविला जातो. आपल्या वर्गात जे घडले ते आठवून तपासावे, त्यामागील आपली गृहीतके ओळखावीत आणि पुढील कृती त्यानुसार बदलावी, असे त्याचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल. अमेरिकन तत्त्वचिंतक जॉन ड्यूई यांनी १९१० साली विचारप्रक्रियेवरील ग्रंथात या कल्पनेचा पाया घातला, आणि डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ सालच्या ग्रंथानंतर ती व्यावसायिक प्रशिक्षणात सर्वत्र रूढ झाली. ताराबाई त्यापूर्वी दहा वर्षे निवर्तल्या होत्या. या संज्ञेचा त्यांच्या लेखनाशी संबंध जोडणे बरोबर होणार नाही. त्यांचा वारसा माँटेसरी-गिजुभाईंच्या निरीक्षणाच्या शिस्तीतून आलेला होता.

दोहोंत एक फरकही आहे. प्रशिक्षणार्थी विद्यार्थी आज चिंतनाची टाचणवही भरतात तेव्हा बहुधा एखाद्या तासिकेचा विचार करतात. प्रस्तावना जमली का, फलकलेखन नीट झाले का, प्रश्न सर्वांना विचारले का, असे तिचे स्वरूप असते. हा विचार उपयुक्तच आहे, परंतु तो वर्गात हजर असलेल्या मुलांपुरता राहतो. ताराबाईंच्या विचाराचा आरंभ गैरहजर मुलापासून होत असे. त्यामुळे बदलाचा परिणाम पाठाच्या टाचणावर न थांबता जागा, वेळ, साहित्य, भाषा, शाळेची रचना आणि शिक्षकाची नेमून दिलेली भूमिका या सर्वांपर्यंत पोहोचला.

अशा कामासाठी सहकाऱ्यांची सोबत लागते, ही गोष्टही त्यांच्या चरित्रातून दिसते. भावनगरमध्ये गिजुभाई, बोर्डी-कोसबाडमध्ये अनुताई. स्वतःची चूक एकट्याने पाहणे कोणालाही जड जाते. रोजच्या कामातला दुसरा डोळा जवळ असला म्हणजे ते सोपे होते.

लेखन

ताराबाईंचे लेखन गुजराती व मराठी या दोन्ही भाषांत आहे. मराठीत ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’, ‘बालकांचा हट्ट’ ही त्यांची पुस्तके पालक व शिक्षक यांच्यासाठी आहेत. मुलांकरिता त्यांनी गोष्टी, गाणी व नाट्यप्रवेशही लिहिले. ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनातून त्यांनी बालशिक्षणाची मराठी परिभाषा रुळवली. आज सहज वापरल्या जाणाऱ्या अनेक शब्दांमागे त्या मासिकाचे श्रम आहेत. त्यांची शैली साधी असून उपदेशापेक्षा उदाहरणावर भर देणारी आहे. पुस्तके आज दुकानांत क्वचितच मिळतात, जुन्या ग्रंथालयांत मात्र आढळतात.

सन्मान, निधन व पुढील काळ

१९६२ साली पद्मभूषण मिळाल्यानंतरही ताराबाई कोसबाडच्या कामाशी निगडित राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर अनुताई वाघ यांनी हे कार्य पुढे नेले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या अनुताईंच्या आत्मकथनातून या दोघींच्या कामाची जवळून ओळख होते. अनुताईंना १९८४ साली पद्मश्री देण्यात आली. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव देण्यात आले. या योजनेत पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा अंतर्भूत आहेत. योजनेचा विस्तार पुढे देशभर झाला आणि तिने कुपोषणाविरुद्ध मोठे काम केले. तथापि, आहारवाटप, वजने, सर्वेक्षणे व नोंदवह्या यांच्या भारामुळे सहावी सेवा, म्हणजे प्रत्यक्ष शिकणे, अनेक ठिकाणी मागे पडली, असे या क्षेत्रात काम करणारे नेहमी सांगतात. अंगणवाडी सेविकांना नियमित कर्मचारी न मानता मानधनावर ठेवले गेले, हाही वादाचा विषय राहिला आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला. त्यामुळे बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड, जी कोसबाडच्या विकासवाडीत घातली गेली होती, ती आता अधिकृत धोरणाचा भाग झाली आहे.

नूतन बाल शिक्षण संघाचे कोसबाड येथील केंद्र ताराबाई व अनुताई यांच्या पश्चातही चालू राहिले असून बालशिक्षणाचे अभ्यासक व प्रशिक्षणार्थी त्या टेकडीला भेट देत असतात.